फाशी आणि न विचारलेले लोकमत

देहान्त शिक्षेच्या बऱ्यावाईटाचा वाद आपल्याकडे कोठेही सुरू होवो, तो संपतो मात्र बहुधा एकाच वाक्यावर. फाशीने गुन्ह्यास आळा बसतो काय, निरपराध माणूस फासावर चढण्याची भीती किती, सुडाला न्याय म्हणावे काय, या प्रश्नांचा घटकाभर खल होतो. आणि मग कोणी तरी निर्वाणीचे सांगतो की, हे सारे खरे असेल, पण लोकांना फाशी हवी आहे. एवढे म्हटले की वाद मिटला असे समजण्यात येते. लोकांच्या राज्यात लोकांच्या इच्छेपुढे जावे कोणी? फाशीचे कैवारी या वाक्याचा ढालीसारखा उपयोग करतात, यात नवल नाही. नवल याचे वाटते की, फाशीविरुद्ध झटणारे आमचे पुष्कळ मित्रही ते निमूटपणे मान्य करतात. लोक रागावलेले आहेत, त्यांना खटल्यातले काही ठाऊक नसते, त्यांना विचारण्यात अर्थ नाही. आपण न्यायालयाकडे जावे, फार तर संसदेकडे जावे, असे म्हणून ते लोकांकडे पाठ फिरवितात.

आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकच चूक करीत आहेत. ज्या लोकमताच्या नावाने एक पक्ष गर्जतो आणि दुसरा दबून जातो, ते लोकमत नीट विचारून घेण्याची तसदी दोघांपैकी कोणीही घेत नाही. फाशीविरुद्धच्या चळवळीने लोकमताच्या पाहणीला भिऊन दूर राहू नये. ती स्वतः हाती घ्यावी, सचोटीने करावी, आणि तिचा आरंभ मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांतून न करता जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांच्या पाड्यांतून करावा, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. का, ते सांगतो.

प्रथम न्यायालयांचेच पाहू. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेविरुद्ध नाही असे ठरविले, परंतु ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रसंगीच द्यावी अशी मर्यादा घातली. न्यायाधीशांनी स्वतःस लोकमताचे प्रवक्ते समजू नये, असा इशाराही त्याच निकालात आहे. पुढे तीनच वर्षांनी, १९८३ च्या माच्छीसिंग खटल्यात, समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला जबर धक्का बसला म्हणजे समाज न्यायासनाकडून फाशीचीच अपेक्षा करतो, हे तत्त्व पुढे आले. तेव्हापासून ही सामूहिक बुद्धी फाशीच्या निकालपत्रांतून वारंवार भेटते. पण ती न्यायाधीशांस कळते कशी? शंभर रुपयांच्या कर्जरोख्यावरील सही सिद्ध करावयाची तर साक्षीदार उभा करावा लागतो, त्याची उलटतपासणी होते. आणि माणसाचा जीव घेताना मात्र कोट्यवधी लोकांच्या मनाचा कौल एका साक्षीदारावाचून सिद्ध धरला जातो! २००९ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच हे ओळखले. लोकांना गुन्ह्याविषयी काय वाटते ही गोष्ट ना गुन्ह्याचे लक्षण आहे, ना गुन्हेगाराचे. तेव्हा शिक्षेच्या तराजूत तिला जागा देणे कठीण, असे त्या निकालाचे तात्पर्य. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात २०२१ साली तिघांची फाशी रद्द करून त्यांना आमरण कारावास देताना उच्च न्यायालयाने, केवळ लोकक्षोभ पाहून शिक्षा ठरविता येणार नाही, असेच सांगितले. तात्पर्य, लोकमत कधी दारातून आत घेतले जाते, कधी बाहेर घालविले जाते. पण दोन्ही प्रसंगी ते न पाहिलेले, न मोजलेलेच असते.

विधिमंडळांची गत याहून वेगळी नाही. फौजदारी न्यायाचा वर्षभर अभ्यास करून न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने २०१५ साली आपला २६२ वा अहवाल दिला. दहशतवादाचे गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध एवढे अपवाद ठेवून बाकी सर्वत्र फाशी बंद करावी, अशी शिफारस त्यात होती. त्याच्या उलट, २०२१ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक संमत करून फाशीची कक्षा वाढविण्याचा प्रयत्न केला. संमतीअभावी ते विधेयक अमलात आले नाही ही गोष्ट निराळी. २०२३ साली आलेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी कायम राहिली, एवढेच नव्हे तर तिला नवी कलमे मिळाली. या सर्वांचे समर्थन एकच: लोकांची मागणी. मागणी करणारे लोक कोण, किती, त्यांना काय विचारले होते, हे कोणी सांगत नाही.

न विचारलेले लोकमत काय करू शकते याचे उदाहरण आपल्या घराशेजारीच आहे. मोखाड्याहून घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर आणि पुढे नाशिक लागते. २००३ च्या जून महिन्यात नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला. एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका अमानुष होता की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पोलिसांनी सहा माणसे पकडली. ती भटक्या जमातीची, मोलमजुरी करणारी, अत्यंत दरिद्री. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेतली व सहाही जणांना पुन्हा फाशीच्या कोठडीत पाठविले. त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून उघड झाले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने आरंभी पोलिसांच्या छायाचित्रांतून निराळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता, असे न्यायालयास दिसून आले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची ही किंमत!

आता वाचकांनी स्वतःशीच विचार करावा. २००३ च्या त्या जून महिन्यात नाशकात कोणी घरोघर जाऊन विचारले असते की, या सहा जणांना फाशी द्यावी काय, तर शंभरांपैकी किती जणांनी नाही म्हटले असते? आम्हांस वाटते, एकानेही नाही. आणि २०१९ च्या मार्चमध्ये तोच प्रश्न त्याच घरी विचारला असता तर? प्रश्न तोच, माणसे तीच. बदलले एवढेच की त्यांना खटल्याची हकीकत कळली. म्हणून आम्ही म्हणतो की, 'फाशी असावी काय?' या उघड्यानागड्या प्रश्नाला मिळणारे उत्तर हे मत नव्हे, तो संताप होय. संताप खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. तो माणुसकीचे लक्षण आहे. परंतु संतापाला मत म्हणून मोजणे ही मोजणाराची लबाडी आहे.

हा नुसता तर्क नाही. लोकमताच्या पाहणीचे शास्त्र आता जुने झाले आहे. जॉर्ज गॅलप यांनी १९३५ साली अमेरिकेत या कामाची संस्था काढली, आणि पुढल्याच वर्षापासून खुन्यास फाशी असावी काय हा प्रश्न तेथे विचारला जाऊ लागला. फाशीच्या बाजूने १९६६ साली शेकडा ४२ लोक होते, १९९४ साली शेकडा ८०, आणि २०२४ साली शेकडा ५३. ज्याला लोक अढळ खडक समजतात ते भरतीओहोटीचे पाणी निघाले. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, २०१९ साली त्याच संस्थेने दोन शिक्षा समोर ठेवून निवड करावयास सांगितली, एक फाशी आणि दुसरी सुटकेची आशा नसलेली जन्मठेप, तेव्हा शेकडा ६० लोकांनी जन्मठेप निवडली व ३६ लोकांनी फाशी. जपानचे सरकार तर आपल्या फाशीचा आधार म्हणून लोकमताची पाहणी दर काही वर्षांनी प्रसिद्ध करते. २०१४ च्या पाहणीत शेकडा ८० लोकांनी प्रसंगी फाशी अपरिहार्य आहे असे म्हटले. ती बंद करावी म्हणणारे शंभरांत दहाही भरले नाहीत. परंतु पुढला प्रश्न विचारला की, आमरण कारावासाची शिक्षा कायद्यात आणली तर फाशी बंद करावी काय? लगेच बंद करावी म्हणणारे शेकडा ३७ च्या वर गेले. दहांचे सदतीस व्हावयास एकच वाक्य पुरले.

मलेशियाचे उदाहरण तर आमच्या म्हणण्याचा मथळाच म्हणावे असे आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉजर हूड यांनी २०१३ साली तेथील दीड हजारांवर नागरिकांची मते प्रसिद्ध केली. खुनाला फाशी असावी असे शेकडा ९१ लोक म्हणाले. प्रत्येक खुनाला फाशी सक्तीचीच असावी असे म्हणणारेही शेकडा ५६ होते. मग त्यांच्यापुढे निरनिराळ्या खुनांच्या हकीकती ठेवल्या: हा खुनी कोण, त्याने हे का केले, त्याच्या आयुष्याची पार्श्वभूमी काय. आणि विचारले, यास तुम्ही स्वतः काय शिक्षा द्याल? सक्तीच्या फाशीचे जे कैवारी होते, त्यांच्यांतही सर्व प्रसंगी फाशीच देणारे शंभरांत १४ च निघाले. निरपराध माणसे फासावर गेल्याचे सिद्ध झाले तर काय, असे विचारताच फाशीची बाजू घेणारे ९१ वरून ३३ वर आले. दहा वर्षांनी, २०२३ साली, मलेशियाने सक्तीची फाशी कायद्यातून काढली. झिंबाब्वेतील २०१८ च्या पाहणीत शेकडा ६१ लोक फाशी ठेवावी म्हणणारे होते. पण सरकारने ती बंद केली तर तुम्ही मान्य कराल काय, असे त्या ६१ जणांस विचारता त्यांच्यातील शेकडा ८० जण होय म्हणाले. २०२४ च्या अखेरच्या दिवशी त्या देशाने फाशी बंद केली. कोठेही दंगा उसळला नाही.

येथे आमच्याच बाजूचे काही विचारवंत आम्हांस अडवतील. न्याय-अन्याय काय डोकी मोजून ठरवावयाचा? असे ते विचारतील. नाही, मुळीच नाही. १८५६ साली विधवाविवाहाच्या कायद्याविरुद्ध गेलेल्या अर्जांवरील सह्या त्याच्या बाजूच्या सह्यांहून कितीतरी अधिक होत्या. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावर पुण्यात मते घेतली असती तर आगरकरांचा पक्ष मूठभर ठरला असता, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुली सासरी मरत राहिल्या असत्या. फ्रान्समध्ये १९८१ साली रोबेर बादँतेर यांनी फाशीबंदीचा कायदा आणला तेव्हाही तेथील बहुमत फाशीच्याच बाजूचे होते. आमच्या घटना समितीत ३ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी फाशी मुळातूनच बंद करणे आपण पसंत करू असे सांगितले, ते कोणा बहुमताचा दाखला देऊन नव्हे; या देशाने अहिंसेला नैतिक आदर्श मानले आहे, तर त्या आदर्शाशी प्रामाणिक राहावे, या आधारावर सांगितले. फाशी अन्याय्य असेल तर शंभरांतल्या नव्याण्णवांनी हात वर केल्याने ती न्याय्य होत नाही, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे.

मग पाहणीचा उपयोग काय? उपयोग हा की, ती सत्याचे प्रमाण नसली तरी सबबीचे खंडन आहे. आजचा आमदार, मंत्री, न्यायाधीश, यांपैकी फार थोडे जण फाशी ही नीतीने योग्य आहे असे छातीठोकपणे म्हणतील. ते म्हणतात, आमचा नाइलाज आहे, लोक ऐकणार नाहीत. ज्याचा युक्तिवाद लोकांवर उभा आहे त्याला उत्तर नीतिशास्त्राच्या ग्रंथातून देता येत नाही. लोकांतूनच द्यावे लागते. लोक ऐकतात, सांगून तरी पाहा, हे दाखविणे एवढेच पाहणीचे काम. आणि दुसरे असे की, लोकांना न विचारता, त्यांना तुच्छ लेखून मिळविलेला कायदा टिकाऊ नसतो. पहिल्याच भयंकर गुन्ह्याबरोबर तो उलथवावा अशी हाकाटी उठते, आणि त्या वेळी त्याची बाजू घेण्यास घराघरांत कोणी असत नाही.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. हेच दोन तालुके का? कारण फाशी कोणास होते हे पाहिले म्हणजे मत कोणास विचारावे हे कळते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली देशभरातील फाशीच्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ३७३ कैद्यांची माहिती तीत आहे. त्यांतील शेकडा ७४ जण आर्थिक दृष्ट्या दुर्बळ होते. अनुसूचित जाती व जमातींचे प्रमाण देशभर शेकडा २४ च्या आसपास. महाराष्ट्रात मात्र ते निम्मे. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या लोकसंख्येत या दोन्ही वर्गांचा मिळून वाटा सुमारे एकपंचमांश आहे. लोकसंख्येत पाचातला एक, फाशीच्या कोठडीत दोघांतला एक! याच अहवालात असेही आढळते की, खालच्या न्यायालयांनी सुनावलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या शंभरांत पाचही नव्हत्या, आणि सुमारे तीस जण तर निर्दोष ठरले. म्हणजे फाशीपासून माणसाला वाचविते ती बहुधा वरच्या न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत. ती ऐपत ज्यांना नाही त्यांची घरे कोठे आहेत? पालघर जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला होता. ज्यांच्या मुलांच्या जिवाची नोंद घेण्यास राज्याला इतका उशीर लागला, त्यांच्यापैकी एखादा उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर त्याला कोणत्या प्रतीचा वकील मिळेल, हे सांगावयास नको.

आणि आजवर 'लोकमत' म्हणून जे छापले जाते त्यात ही माणसे असतात काय? वृत्तपत्राच्या वाचकपत्रांत नसतात. दूरचित्रवाणीच्या वादसभेत नसतात. दूरध्वनीवरून घेतलेल्या मतांत क्वचितच असतात, कारण पुष्कळ पाड्यांवर दूरध्वनीच लागत नाही. दिवाळी आटोपली की निम्मे पाडे रिकामे होतात. माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती होळीला तोंड दाखवितात, आणि पावसाच्या तोंडाशी नागली-वरईच्या रोपांसाठी कायमची परततात. जानेवारीत मोटार घेऊन आलेल्या पाहणीवाल्याला म्हातारी माणसे व बंद झोपड्या भेटतात, आणि तो आपल्या कोष्टकात 'मत नाही' असे लिहून निघून जातो. मत आहे, मतदार वीटभट्टीवर आहे.

फाशीचा अनुभव या डोंगरांना नवा नाही. महादेव कोळ्यांचा पुढारी राघोजी भांगरे यास २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सरकारदप्तरी तो दरोडेखोर होता. आज त्याला आद्य क्रांतिकारक म्हणून सरकारी समारंभांतून हार घालतात. दप्तराचे मत बदलले; दोर मात्र परत घेता आला नाही. याउलट, डोंगरातली माणसे स्वभावतःच क्षमाशील व शहाणी असतात असा भाबडा समजही आम्ही बाळगीत नाही. १६ एप्रिल २०२० रोजी शेजारच्या डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंना व त्यांच्या मोटारचालकाला पोलिसांसमक्ष ठार मारले. ते कृत्य निंद्यच होते. परंतु ते काय होते? चौकशीवाचून, ऐकून न घेता, क्षणार्धात दिलेली देहान्त शिक्षाच नव्हे काय? त्यानंतर शंभरावर माणसे पकडली गेली, आणि अजून आरोपपत्रही नव्हते तोच दूरवरच्या शहरांतून त्यांना सरसकट फासावर द्या असा गजर उठला. जमावाच्या हातातील काठी व शिक्षित माणसाच्या तोंडचा हा गजर यांची पापे सारखी नाहीत. पण न ऐकता निवाडा देण्याची खोड दोहोंत एकच. लोकमत म्हणजे हे नव्हे, एवढे तरी गडचिंचल्याने आपणांस शिकवावे.

तेव्हा पाहणी करावयाची ती अशी. पावसाळ्यात, माणसे घरी असताना पाड्यावर जावे. प्रश्न पुण्याच्या छापील मराठीत न विचारता वारली-कोकणा बोलीत विचारावा. आणि तो पोलीसपाटील, सरपंच किंवा वनखात्याचा माणूस बसला असताना विचारू नये. बायकांना निराळे विचारावे, कारण खून झालेल्या घरात आणि खुन्याच्या घरातही मागे राहून निस्तरते ती बाईच. आधी साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर टिपून घ्यावे. मग एक खटला, दोन्ही बाजूंसह, सावकाश वाचून दाखवावा: मेलेल्या माणसाचे काय झाले, त्याच्या मुलाबाळांचे काय हाल झाले, पुरावा काय होता, आरोपीला वकील केव्हा मिळाला, तो वकिलाशी किती वेळा बोलला. मग पुन्हा विचारावे. शेवटी शिक्षांची निवड समोर ठेवावी. हेच प्रश्न, याच क्रमाने, दादर-माहीमला आणि सदाशिव पेठेतही विचारावेत. जव्हार-मोखाड्याचे उत्तर काय येईल याचे भाकीत आम्ही करीत नाही. तेथील लोक आमच्या बाजूचे आहेत असे गृहीत धरणे म्हणजे त्यांना न विचारण्याची जुनी खोड नव्या रूपाने चालविणेच होय.

यावर विरोधक म्हणतील की, ही तर हातचलाखी झाली. हकीकत सांगून मन वळवायचे आणि वळलेल्या मनाला लोकमत म्हणायचे. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर शब्दांनी नव्हे, शिस्तीने दिले पाहिजे. प्रश्न तयार करणाऱ्या मंडळात फाशीच्या कैवाऱ्यांस बसवावे. प्रश्नांचा शब्दन् शब्द निकालाबरोबर छापावा. निवड झालेल्या घरांची यादी सोयीप्रमाणे बदलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो त्याच मोठ्या अक्षरांत प्रसिद्ध करावा. ज्या चळवळीत एवढे धैर्य नाही, तिने पाहणीच्या वाटेला जाऊ नये. तिने पत्रके काढावीत. मात्र विरोधकांसही आमचा उलट प्रश्न आहे. न्यायाधीश शिक्षा देण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकतो, याला आपण हातचलाखी म्हणतो काय? मग लोकांनी दोन्ही बाजू ऐकून दिलेले मत खोटे, आणि काही न ऐकता दिलेले खरे, हा न्याय कोठला? शिवाय गुन्ह्याची भीषण वर्णने, रडत्या आईची छायाचित्रे दिवसरात्र पुढे केली जातात तेव्हा मन वळविले जात नाही काय? हकीकत आजही सांगितली जातेच. फक्त अर्धी सांगितली जाते.

एक आक्षेप उरतो, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. ज्यांचे माणूस मारले गेले त्यांना ही कोष्टके काय सांगणार? त्यांच्यापुढे आकडे मांडणे निर्दयपणाचे होय, आणि त्यांनी फाशी मागितली तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पण नाशिकच्या त्या कुटुंबाकडे पुन्हा पाहा. तेही गरीब होते. फाशीच्या घाईने त्यांना काय दिले? सोळा वर्षे चुकीची माणसे कोठडीत राहिली, आणि त्या काळात खऱ्या अपराध्यांचा माग निघून गेला. लोकांचा राग शमविण्यासाठी सहा दरिद्री माणसे पुढे करता आली, म्हणून खरा तपास करण्याची गरज कोणास भासली नाही. फाशी ही तपासाच्या आळसावर टाकलेली शाल आहे. मृतांच्या नातलगांना पोलीस वेळेवर हवे असतात, साक्षीदारांना संरक्षण हवे असते, मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा असतो, खटला वर्षा-दोन वर्षांत निकालात निघावयास हवा असतो. यांपैकी काहीही देण्याऐवजी सरकार त्यांना दोर दाखविते, कारण दोर स्वस्त आहे. पाहणीत हेही विचारावे: तुमच्या घरी असा प्रसंग आला तर सरकारकडून तुम्हांस पहिले काय हवे? त्या उत्तरांची यादी विधिमंडळापुढे ठेवावी.

हे काम अवघड आहे, पण फार खर्चाचे नाही. जव्हारच्या महाविद्यालयात त्याच पाड्यांतून आलेली, ती बोली बोलणारी मुलेमुली शिकत आहेत. मुंबई व पुण्याच्या विद्यापीठांत संख्याशास्त्र जाणणारे अध्यापक आहेत. आणि ज्यांच्या हाती हे मासिक पडते त्या सुशिक्षित घरांतून, उरलेल्या खर्चापुरता पैसा सहज उभा राहू शकतो. या घरांवर एक विशेष जबाबदारीही आहे. फाशीची मागणी सर्वांत मोठ्याने होते ती आपल्याच बैठकीतून, जेथून फासावर कोणी जात नाही. निदान पुढल्या खेपेस 'लोकांना फाशी हवी आहे' हे वाक्य आपल्या घरात कोणी उच्चारले, तर त्यास शांतपणे विचारावे: कोणत्या लोकांना? त्यांना काय विचारले होते? आणि मोखाड्याच्या पाड्यावर कोणी गेले होते काय?